लोहचुंबक घेऊन मोटार पाहायला चला!

समजा, इंग्लंडात बर्मिंगहॅमजवळ राहणाऱ्या तुमच्या काकांकडे तुम्ही सुटीत गेला आहात. काकांची एक जुनी हौस आहे. दोन माणसांची, उघड्या टपाची स्पोर्ट्स मोटार आपल्या दारात असावी, असे त्यांना तरुणपणापासून वाटत आले आहे. नवी घेणे खिशाला झेपणारे नाही. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीची, पण चालू स्थितीतली गाडी घ्यायची असे त्यांनी ठरवले आहे. दोन गाड्या त्यांनी हेरूनही ठेवल्या आहेत. पहिली लालभडक, आरशासारखी चकाकणारी, नुकताच रंग दिलेली. दुसरी हिरवी, तिचा रंग विटलेला, आसनांना भेगा पडलेल्या. किंमत जवळजवळ सारखीच. काका तुम्हाला विचारतात, "बोला, कोणती घ्यावी?"

तुम्ही चटकन "लाल!" असे म्हणाल. पण थोडे थांबा. खिशात एक लहानसे लोहचुंबक टाका, हातात विजेरी घ्या आणि मगच काकांबरोबर निघा. या दोन वस्तू आणि शाळेत शिकलेले थोडे पदार्थविज्ञान व रसायन यांच्या जोरावर तुम्ही काकांचे पैसे वाचवू शकाल. कदाचित त्यांचा जीवही.

आधी गाडीची ओळख

दोन्ही गाड्या 'एमजीबी' या जातीच्या आहेत. ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या गावी १९६२ पासून १९८० पर्यंत ही गाडी तयार होत होती. या अठरा वर्षांत पाच लाखांहून अधिक गाड्या बाहेर पडल्या. म्हणूनच जुन्या युरोपीय स्पोर्ट्स मोटारींमध्ये ती आजही सहज मिळते आणि तिचे सुटे भागही मिळतात. हौशी माणसाची पहिली जुनी गाडी म्हणून तिचे नाव घेतले जाते ते यामुळेच.

तिचे इंजिन १७९८ घनसेंटिमीटरचे, चार सिलिंडरांचे आणि अगदी साधे आहे. पण तिची एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. तिच्या आधीच्या 'एमजीए' या गाडीला खाली पोलादी तुळयांची वेगळी चौकट होती व तिच्यावर पत्र्याचे अंग बसवलेले असे. एमजीबीला अशी वेगळी चौकट नाही. पत्रे दुमडून व एकमेकांना वेल्डिंग करून जो पोकळ सांगाडा तयार होतो, तोच तिचा कणा. म्हणजे तिच्या पत्र्याला दोन कामे आहेत. त्याने सुंदर दिसायचे आहे आणि गाडीचा सगळा भारही वाहायचा आहे. हा पत्रा जाड किती? जेमतेम एक मिलिमीटर!

इंजिन बिघडले तर ते उतरवून दुरुस्त करता येते किंवा दुसरे बसवता येते. सांगाडा गंजला तर मात्र गाडी जवळजवळ नव्याने बांधावी लागते. तेव्हा इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी पत्रा तपासायचा, हा आपला पहिला नियम.

पत्रा गंजतो कसा?

लोखंड गंजायला पाणी आणि ऑक्सिजन दोन्ही लागतात, हे तुम्ही शिकला आहात. पण गंजणे ही एक विद्युत-रासायनिक क्रिया आहे, हे पुष्कळांच्या ध्यानात नसते. ओल्या पत्र्यावर एके ठिकाणी लोखंडाचे अणू आपले इलेक्ट्रॉन सोडून पाण्यात विरघळतात. हे इलेक्ट्रॉन पत्र्यातून वाहत दुसऱ्या ठिकाणी जातात आणि तेथे पाणी व ऑक्सिजन त्यांचा स्वीकार करतात. म्हणजे पत्र्यावर असंख्य छोटे विद्युतघट सुरू असतात, आणि त्यांत खर्ची पडते ते लोखंड.

आता इंग्लंडचा हिवाळा डोळ्यांपुढे आणा. रस्त्यावर बर्फ साचू नये म्हणून तेथे मीठ टाकतात, कारण मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू खाली येतो. चाकांनी उडवलेले हे खारे पाणी गाडीच्या पोटाखाली जाऊन बसते. साध्या पाण्यापेक्षा खाऱ्या पाण्यातून वीज कितीतरी सहज वाहते. त्यामुळे हे विद्युतघट जोमाने चालू लागतात. रत्नागिरी-मालवणकडे खिडकीचे गज लवकर का खराब होतात, याचे उत्तरही हेच आहे. तेथे मीठ समुद्रावरच्या वाऱ्याबरोबर येते, एवढाच फरक.

चिखलाने काम आणखी बिघडते. चिखल साचला, की त्याच्याखालच्या पत्र्याला ऑक्सिजन कमी मिळतो आणि शेजारच्या उघड्या पत्र्याला भरपूर मिळतो. अशा वेळी विरघळतो तो नेमका चिखलाखालचा, डोळ्यांआड असलेला पत्रा! एमजीबीच्या पुढच्या चाकांमागे, पंखाच्या आत असा चिखल साचायला हक्काची जागा आहे. आसनांच्या मागे बॅटऱ्या ठेवायचे कोनाडे आहेत. तेथेही ओल टिकून राहते.

गंजाचा आणखी एक गुण आपल्या उपयोगी पडतो. जेवढे लोखंड गंजते, त्याच्या दुपटीहून अधिक जागा तयार झालेला गंज व्यापतो. त्यामुळे तो वरच्या रंगाला बाहेर ढकलतो आणि रंगाला फोड येतात. एखाद्या पंखाच्या कडेला मुगाएवढा फोड दिसला, तर तो वरून लागलेला ओरखडा नव्हे. गंज आतून निघून पत्रा पार करून बाहेर पोचला आहे, असा त्याचा अर्थ असू शकतो.

टप नसलेल्या गाडीचा कणा

घरात जोड्यांचे पुठ्ठ्याचे खोके असेल, तर ते घ्या. झाकण घट्ट लावून दोन्ही टोकांना धरा आणि पिळण्याचा प्रयत्न करा. ते सहज पिळले जात नाही. आता झाकण काढा आणि पुन्हा पिळा. खोके कसे लुळे पडते पाहा!

उघड्या टपाच्या मोटारीचे नेमके हेच होते. वर छप्पर नसल्यामुळे वाकण्या-पिळण्याला विरोध करायचे काम खालच्या भागावर येते. ते करतात दाराखालचे दोन पोकळ पोलादी उंबरठे. गाडीत बसताना आपण पाय उचलून ज्यावरून जातो, तेच हे. बाहेरचा पत्रा, आतला पत्रा आणि दोहोंमध्ये उभा तिसरा पत्रा, अशी त्यांची रचना असते. पोकळ नळी वजनाला हलकी असूनही ताठ असते, हे तुम्ही सायकलच्या नळ्यांवरून ओळखले असेलच. पण ही नळी आतून गंजून चाळणीसारखी झाली, तर बाहेरून कितीही रंग चढवला तरी तिच्यात जीव उरत नाही. धडक बसली, तर आतल्या माणसांना वाचवणारे त्या बाजूला दुसरे फारसे काही नसते.

याची परीक्षा साधी आहे. मालकाची परवानगी घेऊन काकांनी गाडी जॅकवर हळूहळू उचलावी आणि तुम्ही बाजूला उभे राहून बंद दाराच्या मागच्या कडेची फट पाहावी. सांगाडा धडधाकट असेल, तर फट होती तशीच राहते. डोळ्यांदेखत ती अरुंद-रुंद झाली, दार अडकू लागले, किंवा जॅक वर गेला आणि गाडी मात्र जागची हलली नाही, तर समजा, की उंबरठा संपला. मात्र एक पक्के ध्यानात ठेवा: केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरायचे नाही. त्यासाठी भक्कम पोलादी घोड्यांवर गाडी टेकवावी लागते.

चुंबकाची साक्ष

सडलेल्या पत्र्याच्या जागी नवा पत्रा जोडणे खर्चाचे काम आहे. म्हणून काही जण भोकावर जाळी लावतात, वर लांबी भरतात, घासून गुळगुळीत करतात आणि रंग मारतात. डोळ्यांना काही कळत नाही. पण चुंबकाला कळते! चुंबक आणि लोखंड यांच्यामध्ये अंतर वाढले, की ओढ झपाट्याने कमी होते. दोन-तीन मिलिमीटर लांबीच्या थरामागे पत्रा असला, तरी लहान चुंबक तेथे नीट चिकटत नाही. आणि पत्राच नसेल, तर सरळ गळून पडते.

चुंबकाला पातळ फडके गुंडाळा, म्हणजे रंगावर ओरखडा उठणार नाही. आधी बॉनेटच्या मध्यावर ते लावून पाहा. तेथे सहसा लांबी नसते, म्हणून ती ओढ आपले माप. मग तेच चुंबक पुढच्या चाकामागे, उंबरठ्यावर, दाराच्या खालच्या कडेला आणि मागच्या चाकाच्या कमानीवर फिरवा. ओढ कोठे कमी होते, ते खडूने टिपा.

पण साक्षीदारही कधी फसतो. काही वेळा सडलेल्या उंबरठ्यावर वरून नवा पत्रा टोपीसारखा चढवलेला असतो. चुंबक तर त्याला छान चिकटते! म्हणून गालिचे उचलून विजेरीने आतला पत्रा पाहा आणि खालून वेल्डिंगच्या रेषा पाहा. आत तांबूस भुगा आणि बाहेर नवा पत्रा, असे दिसले तर ओळखा, की दुखणे बरे झालेले नाही, झाकलेले आहे.

आपल्या दोन गाड्यांचे काय झाले? लाल गाडीच्या दोन्ही उंबरठ्यांवरून चुंबक घसरून पडले आणि जॅक चढवताच दाराची फट हलली. हिरव्या गाडीवर मात्र चुंबक सगळीकडे चिकटले. गालिच्याखाली मूळचा रंगही दिसला. याचा अर्थ विटक्या रंगाची प्रत्येक गाडी चांगली असते असा नाही. रंग ही साक्ष नव्हे, एवढेच.

सगळ्याच गाड्यांना हे दुखणे सारखे नसते. जर्मनीच्या पोर्शे कंपनीने १९७६ सालच्या नमुन्यांपासून आपल्या ९११ या गाडीसाठी जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा वापरायला सुरुवात केली. जस्त लोखंडापेक्षा अधिक क्रियाशील आहे. ओरखडा पडून लोखंड उघडे पडले, तरी आधी जस्त झिजते आणि लोखंड वाचते. इंग्लंडच्या 'लोटस इलान' या गाडीचे अंग काचतंतूंचे होते, ते गंजत नाही. पण आतला पोलादी कणा गंजतोच. तेव्हा कोणतीही गाडी घ्या, भार वाहणारे लोखंड कोठे आहे, हे आधी विचारा.

इंजिन काय सांगते?

आता बॉनेट उघडा. इंजिन थंड असतानाच ते सुरू करायला सांगा. मालकाने आधीच तापवून ठेवले असेल, तर खोड लपवण्याचा हेतू असू शकतो. इंजिन तापल्यावर तेलाच्या दाबाचा काटा पाहा. गाडी धावत असताना तो दर चौरस इंचाला ५० ते ८० पौंड आणि इंजिन संथ फिरत असताना १० ते २५ पौंड दाखवतो. तापल्यावर काटा फारच खाली बसला, तर बेअरिंगे झिजून फटी वाढल्या आहेत आणि तेल त्यांतून निसटते आहे, असे समजावे.

मग एकेक स्पार्क प्लग काढून सिलिंडरमधला दाब मोजून घ्यावा. आकडा किती, यापेक्षा चारही आकडे जवळपास सारखे आहेत का, हे महत्त्वाचे. एक आकडा बराच कमी आला, तर त्या सिलिंडरमध्ये थोडे तेल सोडून पुन्हा मोजतात. दाब वाढला तर दट्ट्याची कडी झिजली आहे, कारण तेलाने फट बुजली. न वाढला तर दोष बहुधा झडपांत किंवा गॅस्केटात आहे.

झडपांची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. पूर्वी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळत. ते विषारी, पण झडपा व त्यांच्या बैठका यांच्यामध्ये त्याचा पातळ थर बसून बिडाच्या बैठकांचे रक्षण होई. ब्रिटनमध्ये १ जानेवारी २००० पासून शिसेयुक्त पेट्रोलची सर्वसाधारण विक्री बंद झाली. हवेच्या दृष्टीने ते उत्तमच झाले. पण जुन्या इंजिनात कठीण धातूच्या नव्या बैठका बसवल्या आहेत का, हे विचारणे आले. त्याच देशात सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते पाणी शोषते आणि जुन्या प्रकारच्या रबराला त्रास देते. म्हणून इंधनाच्या नळ्याही बदललेल्या हव्यात.

दोन कार्ब्युरेटर आणि एक रबरी नळी

युरोपात विकलेल्या एमजीबीला 'एसयू' जातीचे दोन कार्ब्युरेटर असतात. पादत्राणांचा व्यवसाय असलेल्या घराण्यातल्या स्किनर बंधूंची ही देणगी. त्यांच्या सुरुवातीच्या कार्ब्युरेटरात तर कातड्याचा भाता होता! पुढे त्याची जागा धातूच्या दट्ट्याने घेतली.

युक्ती अशी आहे: इंजिन जास्त हवा ओढू लागले, की दट्ट्या वर उचलला जातो व हवेची वाट रुंद होते. दट्ट्याच्या खाली निमुळती सुई असते. ती पेट्रोलच्या छिद्रातून जसजशी वर येते, तसतशी छिद्राची मोकळी जागा वाढते आणि पेट्रोलही वाढते. हवा आणि इंधन यांचे प्रमाण असे आपोआप राखले जाते. दट्ट्याच्या डोक्यावर थोडे तेल असते, ते त्याला एकदम उसळू देत नाही. हे तेल संपले, की गाडी वेग घेताना अडखळते.

दोन्ही कार्ब्युरेटर सारखीच हवा ओढतात की नाही, हे कसे ओळखायचे? रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे एकेका कार्ब्युरेटरच्या तोंडाशी धरायचे. दोन्हीकडचा फुसफुस आवाज सारखा येईपर्यंत स्क्रू फिरवायचा. झाले! गाडीला आऱ्यांची चाके असतील, तर तेथेही कान कामाला येतो. पेन्सिलीने एकेका आऱ्यावर टिचकी मारा. ताणलेला आरा टणत्कार देतो, सैल आरा बद्द वाजतो. तुमच्या सायकलवरही हे करून पाहता येईल.

मंद दिव्यांचे कोडे

जुन्या इंग्रजी गाड्यांची वीज बेभरवशाची, असे लोक म्हणतात. पुष्कळदा दोष दिव्याचा नसतो, सांध्यावरच्या गंजाचा असतो. थोडे गणित करू. ६० वॅटचा दिवा १२ व्होल्टवर ५ ॲम्पियर घेतो, म्हणजे त्याचा रोध २.४ ओहम. गंजलेल्या सांध्याचा रोध केवळ अर्धा ओहम धरला, तर ढोबळमानाने दिव्याच्या वाट्याला सुमारे ९.९ व्होल्टच येतात. विद्युतदाबात सहावा हिस्सा घट. पण तारेचे तापमान उतरल्यामुळे प्रकाश मात्र जवळजवळ निम्म्यावर येतो. यावर उपाय म्हणजे नवा दिवा नव्हे, तर पॉलिश कागदाने घासून स्वच्छ केलेला सांधा.

आणखी एक इशारा. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत बॅटरीचे धन अग्र सांगाड्याला जोडलेले असे. नंतरच्या गाड्यांत ऋण अग्र. हे न पाहता आजचा रेडिओ जोडला, तर तो क्षणात निकामी होऊ शकतो.

घेतली, आता सांभाळा

ब्रिटनमध्ये १९६० पासून मोटारींची सक्तीची सुरक्षा-तपासणी सुरू झाली. पण मे २०१८ पासून चाळीस वर्षांवरच्या, मोठे फेरफार न केलेल्या गाड्यांना या वार्षिक तपासणीतून सूट आहे. म्हणजे काकांची गाडी दरवर्षी कोणी तपासेलच असे नाही. जबाबदारी मात्र त्यांचीच. तेव्हा हे वेळापत्रक त्यांना लिहून द्या.

पुढच्या चाकांच्या किंगपिनना दर पाच हजार किलोमीटरला ग्रीस द्यावे. ते न दिल्यास धातू कोरडा घासला जातो आणि सुकाणू जड होते.

ब्रेकचे तेल दर दोन वर्षांनी बदलावे. हे तेल हवेतले पाणी शोषते. डॉट ४ या प्रतीचे नवे तेल २३० अंश सेल्सिअसच्या आत उकळत नाही. त्यात ३.७ टक्के पाणी मुरले, की ही मर्यादा १५५ अंशांवर येते. उतारावर ब्रेक तापले आणि तेल उकळून वाफ झाली, तर पायाखालची पट्टी भुसभुशीत होते. कारण वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही.

रेडिएटरमधल्या पाण्यात गोठणरोधक द्रव हवाच. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्के फुगते आणि बिडाचे इंजिनही फोडते. या द्रवातली गंजरोधक द्रव्ये काही वर्षांत संपतात, म्हणून तोही बदलावा.

टायरची नक्षी शाबूत असली तरी वय पाहावे. २००० सालापासूनच्या टायरवर चार अंक असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा.

गाडीखालच्या पाणी निघून जाण्याच्या बारीक भोकांतला चिखल काढावा आणि पोकळ भागांत मेणयुक्त तेलाचा फवारा मारावा. पाणी टिकले नाही, तर विद्युतघटही टिकत नाही.

आणि गाडी चालवावी! एक लिटर पेट्रोल जळले, की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होते. इंजिन पाच मिनिटे चालवून बंद केले, तर या पाण्याचा काही भाग धुराच्या नळीत व तेलात राहतो. ते पुरते तापेपर्यंत फेरफटका मारला, तर वाफ होऊन निघून जाते.

इतके करूनही सांगाडा हातचा गेलाच, तर? १९८८ साली ब्रिटनमधल्या एका संस्थेने एमजीबीचे मूळ साचे शोधून काढून तिचा नवा कोरा सांगाडा पुन्हा तयार करायला सुरुवात केली. तो घेऊन जुने इंजिन, चाके, दिवे त्यात बसवता येतात. पण तो मार्ग महागडा आहे. दोन रुपयांचे चुंबक त्याहून स्वस्त!

करून पाहा

१. लोखंडी तव्याला छोटे चुंबक चिकटवा. मध्ये वहीचा एकेक कागद वाढवत जा. कितव्या कागदाला चुंबक गळून पडते? साधारण दहा कागद म्हणजे एक मिलिमीटर, असे धरून तुमचे चुंबक किती जाड लांबी ओळखू शकेल, ते काढा. तवा लोखंडाचाच हवा. स्टीलच्या पुष्कळ भांड्यांना चुंबक चिकटत नाही.

२. चार चुका घासून स्वच्छ करा. एक कोरड्या बाटलीत, दुसरी साध्या पाण्यात, तिसरी मिठाच्या पाण्यात आणि चौथी जस्ताची पट्टी घट्ट गुंडाळून मिठाच्या पाण्यात ठेवा. रोज एकाच वेळी पाहून आठवडाभर नोंदी करा. सर्वांत आधी कोणती गंजली? चौथीच्या बाटलीत झिजले ते लोखंड की जस्त?

३. आता तुमच्या सायकलकडे वळा. ओल कोठे टिकते, चिखल कोठे अडकतो आणि रंगाला फोड कोठे आले आहेत, याचा नकाशा वहीत काढा. तो वर्गात गुरुजींना किंवा बाईंना दाखवा आणि मित्रांच्या नकाशांशी ताडून पाहा.